दुरून साजरे

वैनगंगेच्या काठचा जगात सगळ्यात गाजलेला पोरगा कधी जन्मलाच नाही. रुडयार्ड किपलिंगने १८९४ साली 'द जंगल बुक' प्रसिद्ध केलं. त्यातला मोगली सिवनीच्या रानात वाढतो आणि वैनगंगेच्या पाण्यात डुंबतो. हीच नदी पुढे बालाघाट आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांची शीव होते आणि भंडाऱ्याकडे उतरते. पुस्तक लिहिताना किपलिंग मात्र अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात राहत होता. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने मोगलीवर बावन्न भागांची मालिका काढली. १९९३ मध्ये ती हिंदी होऊन दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. नदी आपली, गोष्ट इंग्रजाची, चित्रं जपान्यांची, आणि रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेली पोरं पुन्हा नदीकाठचीच. या मोगलीच्या हातात बूमरँग होतं. वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीच्या रानात ते हत्यार कुणी कधी पाहिलेलं नाही, पण तक्रार कुणीच केली नाही. उलट त्या वर्षी लाकडाच्या फळ्या तासून बूमरँग करण्याची साथच आली होती. ती फेकल्यावर परत येत नसत हा भाग निराळा.

तुमच्या हातातल्या या पुस्तकाचा विषय मोगली नाही. त्याच्यापासून सुरुवात केली, कारण मोगलीला रंगरूप देणाऱ्या त्या कंपनीचा हात वर्षानुवर्षं वेगळ्याच कामात मुरलेला होता. युरोप-अमेरिकेतली मुलं आणि त्यांची गोरी दुनिया काढणं हे ते काम. 'अ डॉग ऑफ फ्लँडर्स' १९७५ चं, 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' १९७९ चं. या सगळ्या परंपरेची थोरली बहीण म्हणजे १९७४ ची 'हायडी'. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, दृश्यांची मांडणी हायाओ मियाझाकी यांची. तिच्यासाठी ही मंडळी आधी स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, झोपड्या, गवत, शेळ्या पाहून आली होती. परक्या मुलखावर इतकं मन लावून केलेलं काम क्वचित सापडतं. आल्प्सच्या उतारावर अनवाणी धावणारी ती लाल गालांची पोर जपानी घराघरांत पोटच्या लेकीसारखी वाढली.

जपानी चित्रकथा म्हणजे मांगा आणि जपानी चलतचित्रं म्हणजे ॲनिमे. यांत पाश्चात्त्य परका इतका देखणा का दिसतो, हा या संग्रहातल्या लेखांचा प्रश्न आहे. सोनेरी कुरळे केस, निळे डोळे, लांबसडक पाय, पाठीमागे उगाचच उमललेले गुलाब. गोंदियाच्या कुठल्याही शिकवणी वर्गाबाहेर उभे राहा, मोबाइलवर हिंदीत डब केलेला 'नारुतो' पाहणारं एखादं पोर भेटेलच, आणि त्याच्या वहीच्या मागच्या पानावर पिवळ्या केसांचं, निळ्या डोळ्यांचं तोंड पेन्सिलीने काढलेलं असेल. त्याला विचारलं तर तो सांगतो, "जपानी लोक असेच दिसतात." त्याचा बाप म्हणतो, "हे तर इंग्रज दिसतात." दोघांचंही चुकतं, आणि दोघांचं का चुकतं हे उलगडायला मला हे सगळं पुस्तक लागलं.

या प्रश्नाचं एक तयार उत्तर चलनात आहे. जपान युद्ध हरला, अमेरिकेने त्याला वाकवलं, म्हणून तो गोऱ्यांवर भाळला. हे उत्तर मला आळशी वाटतं. त्यात तथ्य नाही असं नाही, पण त्याने चित्रातलं काहीच समजत नाही.

जुलै १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर मॅथ्यू पेरी चार लढाऊ जहाजं घेऊन जपानच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा जपानी चितेऱ्यांनी त्याची चित्रं छापून विकली. त्यांतल्या काहींत पेरी चक्क तेंगूसारखा दिसतो. तेंगू म्हणजे डोंगरात राहणारं, लांब नाकाचं, तापट भूत. विस्फारलेले डोळे, जटांसारखे केस आणि ते नाक! परक्याचं नाक हीच तेव्हा भीतीची खूण होती. १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं आणि लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांची लाटच आली. घोड्यावर बसलेली मड्डम, शिवणयंत्रावर वाकलेली बाई, दारू पिणारे खलाशी, हे सगळं नवलाईने काढलेलं होतं. काही चितेऱ्यांनी तर विलायती सचित्र वर्तमानपत्रं समोर ठेवून परके रंगवले. १८८३ मध्ये टोकियोत रोकुमेइकान नावाचा प्रासाद उभा राहिला. तिथे जपानी सरदारांच्या बायका घेरदार विलायती झगे घालून नाचू लागल्या. तीस वर्षांत भुताचा दिवाणखान्यातला पाहुणा झाला. नाक तेच होतं, बदलला होता तो त्या नाकामागे उभ्या असलेल्या सत्तेशी जपानचा व्यवहार.

इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवली पाहिजे. गोरेपणाची हौस पेरीच्या जहाजातून उतरलेली नाही. जपानी दरबारातल्या स्त्रिया हजार वर्षांपूर्वीही चेहऱ्याला पांढरा लेप लावत, आणि गोरी कातडी सात खोडी झाकते अशा अर्थाची म्हण तिथे जुनी आहे. आपल्याकडेही 'गोरी, सुस्वरूप' वधू इंग्रजांनी येऊन मागायला शिकवलं नाही. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली ती आधीच असलेल्या भुकेवर, आणि २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झाली तरी भूक तीच आहे. तेव्हा गोऱ्या रंगाचा हिशेब वेगळा आणि गोऱ्या परक्याचा वेगळा. हे दोन हिशेब एकाच पानावर मांडले की बेरीज हमखास चुकते.

आता मुख्य मुद्दा. १९७३ हे साल घ्या. त्या वर्षी केइजी नाकाझावा या हिरोशिमातून वाचलेल्या चित्रकाराची 'हादाशी नो गेन' ही कथामाला मुलग्यांच्या एका साप्ताहिकात सुरू झाली. अणुबाँबनंतरच्या त्या राखेतले अमेरिकी सैनिक देखणे नाहीत. ते धटिंगण आहेत, त्यांच्याजवळ अन्न आहे आणि सत्ताही आहे. त्याच वर्षी 'मार्गारेट' या मुलींच्या साप्ताहिकात रियोको इकेदा यांची 'व्हर्सायचा गुलाब' संपत आली होती. त्यातला प्रत्येक फ्रेंच माणूस सुंदर आहे, अगदी गिलोटिनखाली जाणारासुद्धा. देश एक, वर्ष एक, गोरे मात्र दोन तऱ्हांचे. फरक अंतराचा आहे. अमेरिकी सैनिक १९४५ ते १९५२ जपानच्या रस्त्यावर होता, लोकांनी त्याला जवळून पाहिलं होतं, त्याच्याकडून चॉकलेट घेतलं होतं आणि त्याला भ्यालेही होते. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत कुणाच्या गल्लीत आली नव्हती. दुरून डोंगर साजरे, हे जपान्यांनी फार पद्धतशीरपणे वापरलं. त्यांचा देखणा परका अठराव्या शतकातल्या फ्रान्समधून येतो, व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमधून येतो, आल्प्समधून येतो. अमेरिकेतून आला तरी 'कँडी कँडी'सारखा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेचा, मळ्यांचा आणि हवेल्यांचा मुलूख घेऊन येतो. ज्याने बाँब टाकला त्याचा तो चुलत आजा असू शकतो, पण तो स्वतः नसतो. याला अपवाद आहेत. अकिमी योशिदांची 'बनाना फिश' १९८५ मध्ये सुरू झाली ती थेट न्यूयॉर्कच्या गुंडांत आणि व्हिएतनामच्या जखमांत. तोवर जपान श्रीमंत झाला होता, आणि त्या कथेतला सोनेरी केसांचा ॲश देखणा असला तरी त्याचा जपानी मित्र त्याच्याकडे कीव आणि माया यांनी पाहतो. अंतर उरलं होतं, पण त्याची दिशा फिरली होती.

हा देखणा परका प्रामुख्याने बायकांनी घडवला, हे मला या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. १९४९ च्या आसपास जन्मलेल्या काही तरुण चित्रकर्त्या सत्तरीच्या दशकात मुलींच्या मासिकांत आल्या आणि त्यांनी ती मासिकं उलटीपालटी केली. त्यांच्या आधी जुनइचि नाकाहारा यांनी मोठ्या, पाणीदार डोळ्यांच्या मुली काढल्या होत्या, ओसामू तेझुका यांनी १९५३ पासून मुलग्याच्या वेशातली राजकन्या रंगवली होती. पाया तयार होता. मोतो हागिओ यांनी १९७४ मध्ये 'थॉमसचं हृदय' जर्मनीतल्या मुलग्यांच्या वसतिगृहात घडवली. केइको ताकेमिया यांनी १९७६ मध्ये फ्रेंच शाळेतल्या दोन मुलांचं, वाचताना अंगावर येणारं प्रेम रंगवलं. मासिकांतल्या जपानी नायिकेला बापाचं ऐकावं लागे, सासरी जावं लागे, सरळ बसावं लागे. फ्रेंच नायिकेला घोडा होता, तलवार होती, आणि स्वतःच्या जोडीदाराची निवडही होती. परकेपणाची ही सोय त्या लेखिकांनी मनसोक्त वापरली. ज्या गोष्टी घरी बोलता येत नाहीत त्या परक्याच्या तोंडून बोलवल्या, आणि ज्याच्या तोंडून बोलवायच्या तो कुरूप कसा असेल?

इकेदा यांच्या 'व्हर्सायचा गुलाब'मधली ऑस्कर पाहा. सेनापतीची धाकटी मुलगी, वडिलांनी मुलगा म्हणून वाढवलेली, राणीच्या रक्षकदलाची नायक होते आणि शेवटी फ्रेंच क्रांतीत बास्तीलच्या हल्ल्यात लोकांच्या बाजूने उभी राहते. जपानी मुली या सोनेरी केसांच्या बाईवर, किंवा बाप्यावर, अक्षरशः वेड्या झाल्या. १९७४ मध्ये ताकाराझुका या फक्त स्त्रियांच्या रंगमंडळीने ही गोष्ट रंगभूमीवर आणली. तिथे पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. म्हणजे जपानी बाई फ्रेंच पुरुषासारख्या राहणाऱ्या फ्रेंच बाईचं सोंग घेऊन उभी. शहरी मराठी वाचकाला हे फार गुंतागुंतीचं वाटेल. झाडीपट्टीतल्या वाचकाला वाटणार नाही. दंडार या लोकनाट्यात मिशी काढून लुगडं नेसलेला गडी त्याने मंडईच्या जत्रेतल्या रात्री पाहिलेला असतो, आणि पहाटेपर्यंत त्याला तो बाईच वाटलेला असतो. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घराघरांतल्या बायकांनी केली, ती काही पुरुष सुंदर असतो म्हणून केली नव्हती. सोंग जितकं लांबचं, तितकं त्यातलं सौंदर्य निर्धास्तपणे पाहता येतं.

आता त्या पिवळ्या केसांकडे. यात तत्त्वज्ञान थोडं आणि शाई फार आहे. मांगा बहुतेक काळ्या-पांढऱ्यात छापतात आणि आठवड्याला पानंच्या पानं द्यावी लागतात. प्रत्येक केस काळ्या शाईने भरत बसायला मदतनिसांचे तास जातात. 'ड्रॅगन बॉल'चे अकिरा तोरियामा यांनी नायकाचे केस शक्ती संचारल्यावर फिके केले, त्याचं एक कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. मदतनिसाचा शाई भरण्याचा त्रास वाचला! रंगीत छपाईत ते केस सोनेरी झाले. शिवाय एकाच साच्यातले चेहरे असले की वाचकाने माणसं ओळखायची ती केसांवरूनच. 'सेलर मून'मधली सोनेरी वेण्यांची उसागी टोकियोत राहणारी, परीक्षेत नापास होणारी जपानी मुलगी आहे. जपानी वाचकाला तिच्यात विलायत दिसत नाही. कोइचि इवाबुचि या अभ्यासकाने जपानी मालाबद्दल म्हटलं आहे की त्याला मुद्दाम कुठल्या देशाचा वास येऊ दिला जात नाही. चेहऱ्यांचंही तसंच झालं आहे. आपण त्या बिनवासाच्या चेहऱ्यात आपल्या ओळखीचा गोरा शोधतो, कारण जगातल्या कोऱ्या जागा गोऱ्याने भरायची सवय आपल्याला लागलेली आहे.

मग खरा परका दाखवायचा कसा? सगळेच सोनेरी असतील तर सोनेरी केसांना किंमत काय? जपानी चित्रकार ते वागण्यातून दाखवतो. परका मोठ्याने बोलतो, भेटल्याबरोबर मिठी मारतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो, मनातलं तोंडावर आणतो. १९९५ च्या 'इव्हँगेलियन'मधली जर्मन-जपानी असुका याचा उत्तम नमुना आहे. ती देखणी आहे आणि असह्यही आहे. जपानी शाळेत जे कुणी करणार नाही ते सगळं ती करते. २०१३ च्या 'किनइरो मोझाइक'मध्ये तर विनोदच यावर आहे. इंग्लंडहून आलेल्या इवल्याशा ॲलिसच्या सोनेरी केसांवर तिची जपानी मैत्रीण भाळलेली आहे, आणि ॲलिसला जपानी व्हायचं आहे. स्वतःच्या भाळण्याला हसणारी ही मालिका 'जपान हरला म्हणून भाळला' म्हणणाऱ्यांनी जरूर पाहावी.

आपली गोष्ट इतकी हसण्यासारखी नाही. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, आणि अमेरिकेच्या ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ होऊन आला. पुढची पंचवीसएक वर्षं तो रेल्वे स्टेशनांवरच्या बुकस्टॉलांतून गावोगाव पोचला. वेताळ हा दाट जंगलात कवटीच्या गुहेत राहणारा गोरा माणूस. रानातले आदिवासी त्याला अमर मानतात, त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. सालेकसा-देवरीच्या रानात, कचारगडच्या गुहांकडे दर वर्षी गोंड समाजाची मोठी यात्रा भरते त्या जिल्ह्यात, हे कॉमिक वाचणाऱ्या पोरांना यात वावगं काही वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नव्हतं, वेताळाचा ठसा हनुवटीवर उठवायची हौस होती. जपानी आणि आपल्या भाळण्यातला फरक इथे आहे. जपान्यांनी आपला देखणा परका स्वतः काढला. त्याला रडवलं, हरवलं, मारलं, त्याच्याकडून स्वतःचं मनोगत बोलून घेतलं. आपण तयार गोरा आयात केला आणि भाषांतर करून वाचला. त्याच्या चेहऱ्याची एक रेघही आपण ओढली नाही. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर त्याच इंद्रजालमध्ये आला तेव्हा कुठे चंबळकडचा, आपल्यासारखा दिसणारा नायक भेटला.

आणि आपण त्यांना कसे दिसतो? १९७९ च्या 'गंडम'मधली लाला सून सावळी आहे, कपाळावर टिकली आहे, तिला मनातलं ऐकू येतं आणि ती लवकर मरते. काओरु मोरी यांच्या 'एम्मा'त हकीम हा भारतीय राजपुत्र लंडनमध्ये हत्ती घेऊन उतरतो. याना तोबोसो यांच्या 'ब्लॅक बटलर'मध्ये बंगालचा राजपुत्र सोमा आणि त्याचा एकनिष्ठ सेवक अग्नी आहेत, आणि अग्नी करी रांधण्याच्या स्पर्धेत उतरतो. ही माणसंही देखणी आहेत, तिरस्काराने काढलेली नाहीत. पण हत्ती, मसाला, गूढविद्या आणि स्वामिभक्ती यांच्या पलीकडे त्यांना फारसं जाऊ दिलेलं नाही. फ्रेंच माणसाला क्रांती मिळाली, आपल्याला करी.

या सगळ्याची परीक्षा चित्राबाहेर झाली ती जानेवारी २०१९ मध्ये. टेनिसपटू नाओमी ओसाका हिची आई जपानी, वडील हैतीचे. निस्सिन या शेवयांच्या कंपनीने 'प्रिन्स ऑफ टेनिस'चे चित्रकार ताकेशी कोनोमी यांच्याकडून जाहिरातीसाठी तिचं चित्र करून घेतलं. त्या चित्रात तिचा रंग उजळला होता आणि केसही निराळे झाले होते. बोभाटा झाला, कंपनीने माफी मागून जाहिरात काढून घेतली. इथे परकी कुणी नव्हतीच, जपानचीच लेक होती. पण जवळचा वेगळा चेहरा काढायला त्या सरावलेल्या हाताला वळण नव्हतं.

हे वाचून गोंदियाकरांनी जपानला हसू नये. आपल्या जिल्ह्यात परके आहेत, आणि ते अर्ध्या शतकापासून आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. तिबेटी माणसं इथे शेती करतात, हिवाळ्यात स्वेटर विकायला गावोगाव जातात, आणि त्यांच्या इथे जन्मलेल्या पिढ्या आता मोठ्या झाल्या आहेत. त्यांना 'चिनी' म्हणून हाक मारणारी पोरं मी ऐकली आहेत. चीनपासून पळून आलेल्या माणसाला याहून वाईट हाक ती कोणती! आणि हीच पोरं घरी जाऊन जपानी चित्रकथा डोळ्यांत प्राण आणून पाहतात. चित्रातल्या जपान्याचे डोळे टपोरे असतात म्हणून तो आवडतो, बाजारातल्या तिबेट्याचे डोळे बारीक म्हणून तो चेष्टेचा. जपान्यांचा दुरून साजरेपणाचा नियम आपण त्यांच्याहून कडकपणे पाळतो.

पुढचे लेख कोणत्याही क्रमाने वाचले तरी चालतील. चित्रकथांशी ज्यांची ओळख नाही त्यांनी ऑस्करवरच्या लेखापासून सुरुवात करावी. ज्यांच्या घरात ॲनिमे पाहणारी मुलं आहेत त्यांनी शाई आणि केसांवरचा लेख मुलांसोबत वाचावा, तीच तुम्हाला चार गोष्टी जास्त सांगतील. वसाहतीवरचा लेख मी शेवटी ठेवला आहे. इटियाडोह धरण पाहायला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून गोठणगावला जाऊन या, आणि तो लेख त्यानंतर वाचा.